यंत्राचें सोंग आणि माणसाचें ऋण

लोणावळ्यास आषाढाचा पाऊस एकदां लागला म्हणजे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, आणि बाहेर पडण्याची सोय नसल्यामुळें मनुष्य घरांतल्या गोष्टींकडे नेहमींपेक्षां अधिक लक्ष देऊं लागतो. गेल्या वर्षीं अशाच दिवसांत आम्ही तेथें एका स्नेह्यांच्या बंगल्यांत राहावयास गेलों होतों. एका दुपारीं बंगल्याच्या रखवालदाराचा मुलगा ओसरीच्या कोपऱ्यांत एक जुना फोन घेऊन बसलेला दिसला. फोन आमच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वीं आम्हींच तो निरुपयोगी म्हणून त्याच्या वडिलांच्या स्वाधीन केला होता. त्याच्या कांचेस या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता, त्याच्या अँड्रॉइड प्रणालीस नव्या सुधारणा मिळणें केव्हांच बंद झालें होतें, आणि आमच्या बँकेचें कामकाज त्यावर चालेनासें झालें तेव्हां आम्हीं दुसरा घेतला होता. अशा या पेन्शनींत निघालेल्या फोनवर मोटारींची एक शर्यत मोठ्या झोकांत चालली होती.

“हें काय रे?” आम्हीं विचारलें.

“सर, प्लेस्टेशन.”

प्लेस्टेशन हें टी. व्ही. स जोडावयाचें एक निराळें यंत्र असतें इतकी माहिती आम्हांस होती, व ती आम्हीं त्यास ऐकविली. तो म्हणाला, “हो सर, पण हा फोन प्लेस्टेशनसारखा वागतो.”

मग आमच्यांतला शिक्षक जागा झाला. खेळ कोठून आणलास? मित्राच्या फोनवरून. त्यानें पैसे दिले होते काय? नाहीं. “मग ही चोरी झाली,” असा निकाल आम्हीं देऊन टाकला. मुलगा क्षणभर विचारांत पडला, आणि अगदीं सरळपणें म्हणाला, “मग सर, विकत कुठं मिळतो?”

त्या रात्रीं आम्हीं स्वतः शोध केला. तो खेळ कोणीहि विकत नव्हतें. ज्या यंत्रासाठीं तो रचला होता त्याचें उत्पादन २००६ सालींच थांबलें आहे. जुन्या बाजारांत एकादी तबकडी कदाचित् मिळाली असती. परंतु तिचा पैसा जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास पोंचला असता, खेळाच्या कर्त्यास त्यांतला एक रुपयाहि मिळाला नसता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलास काय सांगावें हें आम्हांस कळेना. जी वस्तु विकत मिळत नाहीं ती मोल न देतां घेणें ही चोरी होते काय? आणि चोरी होत नसेल, तर घेणाऱ्यावर कांहींच बंधन उरत नाहीं काय? पोरखेळाचा प्रश्न म्हणून आम्ही हा सोडून दिला असता. परंतु आमचा कायदा संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतींत करतो. तेव्हां साहित्याच्या मासिकांत या प्रश्नाचा विचार करण्यास संकोच वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम हें यंत्र करतें काय तें सांगितलें पाहिजे. ‘एम्युलेटर’ या शब्दास मराठींत रूढ प्रतिशब्द नाहीं. ‘अनुकारक’ असा एक घडवितां येईल. परंतु आमच्या मतें ‘सोंग’ हा आपला जुना शब्द त्याचें काम अधिक नेमकें सांगतो. बहुरूपी फौजदाराचें सोंग घेऊन दारांत उभा राहतो तेव्हां तो फौजदार नसतो. पण बोलणें, चालणें, दरडावणें सारें फौजदाराचें असतें. त्याचप्रमाणें एम्युलेटर ही एक आज्ञावली असून ती फोनकडून दुसऱ्या यंत्राचें सोंग वठवून घेते. प्रत्येक यंत्राची आज्ञांची भाषा वेगळी असते. १९९४ सालीं जपानांत निघालेल्या प्लेस्टेशनची भाषा एक, आणि आपल्या खिशांतल्या फोनची भाषा दुसरी. खेळ मात्र पहिल्याच भाषेंत लिहिलेला. एम्युलेटर हा या दोहोंमधला दुभाष्या. साधा दुभाष्या प्रत्येक वाक्य ऐकून त्याचें भाषांतर करतो, आणि तेंच वाक्य शंभर वेळां आलें तर शंभर वेळां करतो. हुषार दुभाष्या संपूर्ण परिच्छेद एकदांच उतरून ठेवतो आणि पुन्हा लागला म्हणजे तयार भाषांतर पुढें करतो. जुन्या फोनवर जे एम्युलेटर सुखानें चालतात ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात.

सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. यंत्रांच्या जगांत पैशाच्या जागीं गति आहे. १९८३ च्या जपानी ‘फॅमिकॉम’ यंत्राचें काळीज सेकंदास सुमारें अठरा लाख ठोके देई. प्लेस्टेशनचें सुमारें तीन कोटि अडतीस लाख. आमच्या टाकून दिलेल्या फोनचें एक अब्जाहून अधिक देतें. वरवर पाहतां हें अंतर विलक्षण मोठें वाटतें. परंतु सोंग आणणाऱ्यास स्वतःचें काम करून शिवाय दुसऱ्याचें करावें लागतें. १९९० च्या ‘सुपर फॅमिकॉम’चें सोंग तंतोतंत वठवावयाचें तर सुमारें तीन अब्ज ठोक्यांचा संगणक लागतो, म्हणजे मूळ यंत्राच्या आठशेंपटींहून अधिक, असें त्या कलेंतल्या एका कसबी कारागिरानें २०११ सालीं दाखवून दिलें. प्लेस्टेशनच्या दुसऱ्या अवताराची अडचण आणखी निराळी. त्याच्या पोटांत एकाच वेळीं अनेक गडी राबत असत. लग्नाच्या पंगतींत भात, वरण, तूप वाढणारे चौघे वाढपी एका पाठोपाठ एक जावेत, त्यांत एकाचाहि पाय अडखळूं नये, आणि हें सारें काम एकट्यानें चौघांची सोंगें घेऊन करावें, तसें तें आहे. तेथें आमचा म्हातारा फोन थकून जातो.

या सर्व मर्यादा त्या मुलास ग्रंथांवांचून ठाऊक होत्या. कोणता खेळ चालतो, कोणत्या खेळांत दर दोन चित्रांपैकीं एक गाळावें लागतें, चित्राची सुबकता किती कमी केली म्हणजे गति पुरते, याचे त्यानें ठोकताळे बसविले होते. फोन तापला म्हणजे तो त्याचें पाठचें कवच काढून ओसरीच्या गार शहाबादी फरशीवर त्यास पालथा घालीत असे. गरिबाच्या घरांतला जमाखर्च आणि हा जमाखर्च यांची जात एकच. येथें वाढवावयाचें तर तेथें कमी केलें पाहिजे.

आतां पहिला प्रश्न असा कीं, हा मुलगा जें खेळतो तें मूळचेंच आहे काय? याचें उत्तर शोधण्यास आम्हांस फार लांब जावें लागलें नाहीं. पाऊस जरा उघडल्यावर आम्ही कार्ल्याचें लेणें पाहण्यास गेलों. लोणावळ्याहून तें दहा-अकरा किलोमीटरांवर आहे. सुमारें १२४ फूट लांबीचा तो चैत्य म्हणजे भारतांतल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा. वर पाहिलें म्हणजे छताला लांकडी कमानी लावलेल्या दिसतात. जवळजवळ दोन हजार वर्षांचें तें लांकूड आहे. या कमानींवर कांहींच तोललेलें नाहीं, कारण वरचें छत म्हणजे अखंड डोंगर. मग त्या लावल्या कशासाठीं? लेणीं कोरण्यापूर्वीं आपले लोक लांकडाचे चैत्य बांधीत असत. ज्यांनीं डोंगर फोडला त्यांना हवें होतें तें लांकडी मंदिर. पाषाणाकडून त्यांनीं लांकडाचें सोंग आणविलें.

समोरच्या डोंगरांत भाज्याचें लेणें याहून जुनें, इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतलें. तेथील खांब आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. लांकडी इमारतींत छपराचा दाब खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते मुळांतच आंत कलते रोंवीत. डोंगराच्या पोटांत असा दाब नाहीं, खांबाला कलण्याचें कारण नाहीं; तरी पाथरवटानें ते कलतेच कोरले. जुन्या सामग्रीची जी अडचण होती ती नव्या सामग्रीनें रूप म्हणून जतन केली. कार्ल्याच्या दर्शनी भागावर एक लेख आहे. धेनुकाकट गांवच्या सामि नांवाच्या वेणुवासपुत्रानें तेथलें द्वार केलें असें त्यांत नोंदलेलें आहे, आणि हा सामि आपला धंदा सुताराचा म्हणून सांगतो. पाषाणाच्या मंदिराचें दार सुतारानें केलें ही गोष्ट आम्ही यापूर्वींहि वाचली होती. तिचा अर्थ त्या दिवशीं आमच्या ध्यानीं आला.

खेळांच्या इतिहासांतहि असे कलते खांब आहेत. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या जपानी खेळांत शत्रूंची एक पलटण वरून खालीं उतरते. जसजसे शत्रु मारले जातात तसतशी उरलेल्यांची चाल वाढते आणि खेळणाऱ्याचें काळीज धडधडूं लागतें. हा परिणाम मुळांत कोणीं योजलेला नव्हता. त्या काळचें यंत्र दुबळें होतें. पडद्यावर आकृति कमी झाल्या म्हणजे त्याचा भार हलका होई आणि तें वेगानें धांवूं लागे. कर्त्यानें तो दोष ओळखला आणि तसाच राहूं दिला. खेळाची सारी रंगत त्या दोषांत आहे. आजच्या बलाढ्य यंत्रावर हा खेळ चालवावयाचा तर तें जुनें दुबळेपण मुद्दाम आणावें लागतें. फॅमिकॉमवर एका आडव्या रेषेंत आठांहून अधिक हलत्या आकृति मावत नसत, म्हणून जास्त झाल्या कीं त्या लुकलुकत. कांहीं एम्युलेटर ही लुकलुक नाहींशी करण्याची सोय देतात. ती वापरावी कीं नाहीं? भाज्याचे खांब सरळ करून घ्यावेत कीं नाहींत, असाच हा प्रश्न आहे. चित्र स्वच्छ होईल खरें, परंतु कोणत्या अडचणींतून तें निघालें याची खूण पुसली जाईल.

तात्पर्य, वस्तूचें स्वरूप तिच्या सामग्रीपेक्षां तिच्या वर्तनांत अधिक राहतें असें आम्हांस वाटतें, आणि त्या अर्थीं मुलगा खेळत होता तो खेळ खराच होता. कांहीं गोष्टी मात्र सोंगांत येत नाहींत. आमच्या कॉलेजच्या दिवसांत आमच्या धाकट्या भावानें बाजारांतून एक काळा डबा आणला होता. तो टी. व्ही. स जोडला म्हणजे गल्लींतलीं सहा-सात पोरें दाटीवाटीनें बसत, आणि एक खेळे तेव्हां बाकीचीं ओरडत. तो गलका कोणत्याहि आज्ञावलींत उतरवितां येणार नाहीं. आणि येथें एक कबुली दिली पाहिजे. तो काळा डबा, त्याच्यावरचीं तीं ‘नऊ हजार नऊशें नव्याण्णव खेळ एकांत’ अशीं अक्षरें, हा सारा त्या जपानी फॅमिकॉमच्या नकलेचा प्रकार होता. आमच्या पिढींतल्या बहुतेकांनीं अस्सल यंत्र डोळ्यांनीं पाहिलेंहि नाहीं. ज्यास आम्ही आपल्या आठवणींतलें मूळ समजतों, तीहि एक नक्कलच होती.

आतां दुसरा प्रश्न, चोरीचा. येथें दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. यंत्राचें सोंग ही एक आणि खेळाची प्रत ही दुसरी. पहिलीविषयीं वाद फारसा उरलेला नाहीं. प्लेस्टेशनचें सोंग विकणाऱ्या ‘कनेक्टिक्स’ या कंपनीवर सोनीनें अमेरिकेंत दावा लावला, तेव्हां २००० सालीं अपील-न्यायालयानें कनेक्टिक्सच्या बाजूनें निर्णय दिला. यंत्र कसें वागतें हें समजून घेण्यासाठीं केलेली नक्कल त्यानें न्याय्य ठरविली. पुढच्याच वर्षीं सोनीनें तें सोंगच विकत घेऊन बंद केलें. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, २०१८ सालीं सोनीनें स्वतः ‘प्लेस्टेशन क्लासिक’ नांवाची एक लहान पेटी वीस खेळांसह विकावयास काढली. तिच्या आंत जुनें यंत्र नव्हतें. फोनांत असतो त्या जातीचा एक गाभा होता, आणि त्यावर ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’ नांवाचा, हौशी कारागिरांनीं रचून सर्वांस मोकळा ठेवलेला एम्युलेटर चालत होता. तोच एम्युलेटर अँड्रॉइड फोनांवरहि चालतो. म्हणजे मूळ मालकानें रीतसर विकलेली वस्तु आणि लोणावळ्याच्या ओसरीवरची वस्तु यांच्या पोटांत एकच सोंगाड्या निघाला.

खेळाच्या प्रतीची गोष्ट वेगळी. आमच्या १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत आज्ञावलीची प्रत ज्याच्या हातीं रीतसर आली आहे त्यास ती हरवूं-बिघडूं नये म्हणून दुसरी प्रत करून ठेवण्याची मुभा आहे. मुलाच्या हातीं रीतसर प्रत कधींच आली नव्हती. तेव्हां ही मुभा त्याच्या कामाची नाहीं. साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या मरणानंतर साठ वर्षें टिकतो. १९९५ सालीं तिशींत असलेल्या मनुष्यानें रचलेला खेळ या शतकांत तर बहुधा मोकळा होणार नाहीं. कायद्याच्या नजरेनें मुलगा चुकला होता, आणि तो लहान आहे किंवा गरीब आहे म्हणून तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु कायद्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. कर्त्यास कांहीं काळ एकट्यानें विकण्याचा हक्क समाज देतो तो त्यानें विकावें म्हणून. जो विकतच नाहीं त्याच्या हातीं तो हक्क म्हणजे कुलूप लावून किल्ली हरवलेली खोली. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या अमेरिकन संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत मिळत नाहींत. एकाद्या भाषेंतल्या पंधरा वर्षांपूर्वींच्या शंभर पुस्तकांपैकीं सत्त्याऐशीं पुस्तकें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत अशी कल्पना वाचकांनीं करून पाहावी.

दुसऱ्यास चोर म्हणतांना आपलें कपाट उघडून पाहणें बरें. आम्हीं पाहिलें. एम्. ए. च्या दोन वर्षांत ज्या टीकाग्रंथांवर आमचा अभ्यास झाला त्यांतले निम्मे पुण्यांतल्या एका लहान दुकानांत झेरॉक्स करून घेतलेले, निळ्या दोऱ्यानें शिवलेले आमच्या कपाटांत अजून आहेत. इंग्लंडांतून मागवावयाचें तर एका पुस्तकास घरच्या महिन्याच्या किराण्याहून अधिक पैसे पडले असते. त्या प्रतींवर आम्हीं पदवी मिळविली, नोकरी मिळविली, आणि तीस वर्षें पगार घेतला. दिल्ली विद्यापीठांतल्या अशाच एका झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनीं लावलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१६ मध्यें फेटाळला, व पुढें २०१७ सालीं प्रकाशकांनीं तो मागें घेतला, हें वाचून आम्हांस बरें वाटलें होतें. मात्र तो निर्णय शिक्षणासाठीं केलेल्या प्रतींपुरता होता, करमणुकीच्या खेळास तो लागू पडत नाहीं. आणि आम्हीं संबंध ग्रंथच उतरून घेतले होते. तेव्हां आमचें निर्दोषत्व त्यानें सिद्ध होत नाहीं. एवढेंच ठरतें कीं, मुलास निकाल ऐकवितांना आम्ही न्यायाधीशाच्या खुर्चींत बसण्यास योग्य नव्हतों.

तर मग न्याय कोणत्या मापानें करावा? मावळ हा भाताचा मुलूख. कार्तिकांत कापणी होऊन भाताचे भारे खळ्यावर गेले म्हणजे शेतांत तुटून पडलेल्या लोंब्या राहतात. त्या गोरगरिबांनीं वेचून न्याव्यात, आणि मालकानें त्यांस हटकूं नये, ही जुनी रीत. तिला सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्यास गांव चोर म्हणत नाहीं. परंतु सरव्यालाहि नियम असतात. भारे हलण्यापूर्वीं शेतांत पाय टाकणारा चोरच. वेचावयाचें तें घरच्या चुलीसाठीं. वेचून दुकान मांडावयाचें नाहीं. आणि शेत कोणाचें हें विसरावयाचें नाहीं. मालकानें सोडून दिलेला जुना खेळ आपल्यापुरता खेळणारा मुलगा आम्हांस या सरवा वेचणाऱ्यांत दिसतो.

या दृष्टान्ताची दुर्बल जागा आम्हांस दिसते, ती झांकून ठेवीत नाहीं. लोंबी वेचली म्हणजे शेतांतून ती कमी होते. खेळाची प्रत घेतली म्हणून मूळ कमी होत नाहीं, आणि या अंशीं मुलाचा पक्ष सरवा वेचणाऱ्याहून बळकट ठरतो. पण उलट बाजूनें, सरवा वेचणाऱ्यास हात दोनच असतात आणि पदर एक असतो. प्रत करणाऱ्यास अशी सीमा नाहीं. संध्याकाळच्या वेळांत तो सबंध शिवार उचलूं शकतो, आणि भारे हलले आहेत कीं नाहींत हें पाहण्याइतकाहि थांबत नाहीं. जें यंत्र आज दुकानांत विकलें जात आहे त्याच्या सोंगाचा वाद २०२४ सालीं गाजला; ‘युझू’ नांवाच्या एम्युलेटरच्या कर्त्यांना निंटेंडो कंपनीस २४ लाख डॉलर देण्याचें कबूल करून आपलें काम बंद करावें लागलें. तेथें पीक उभें होतें. आणि याहून आम्हांस अधिक बोंचलेली गोष्ट अशी : प्लेस्टेशनच्या दुसऱ्या अवताराचें सोंग फोनवर आणणारा ‘एथरएसएक्स२’ हा एम्युलेटर त्याच्या कर्त्यानें लोकांस फुकट दिला होता. त्याच्या नांवानें तोतये उभे राहिले, फुकट खाणाऱ्यांनीं तक्रारींचा आणि धमक्यांचा वर्षाव केला, आणि २०२३ च्या आरंभीं त्यानें काम थांबविलें. जेथें देणाऱ्यानें मोलच मागितलें नव्हतें तेथेंहि घेणाऱ्यांना कृतज्ञता जड झाली. यावरून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, या प्रश्नाचें मर्म पैशांत नाहीं.

तें कशांत आहे हें सांगण्यास मावळांतच एक जागा आहे. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या डोंगरांत उगम पावणारी इंद्रायणी पुढें देहूस जाते. तेथें तुकोबांची गाथा पाण्यांत बुडविली गेली आणि ती तरली, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? ते अभंग पुन्हा अक्षरांत उतरविण्याचें काम संताजी जगनाडे यांनीं केलें असें परंपरा सांगते, आणि संताजींची समाधि याच तालुक्यांत सुदुंबऱ्यास आहे. संताजींचा धंदा तेलघाण्याचा. त्यांनीं प्रत केली म्हणून कोणी त्यांस अपहार करणारे म्हटलें नाहीं, उलट तिच्यामुळेंच लोक त्यांचें स्मरण ठेवतात. याचें कारण उघड आहे. प्रत्येक अभंगाच्या शेवटीं जी नाममुद्रा आहे ती तुकोबांचीच राहिली. त्याआधीं १५८४ सालीं एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात नकला होतांना तिच्यांत जें भलतें शिरलें होतें तें त्यांनीं काढलें. जो कोणी तींत आपली ओंवी घालील त्यास त्यांनीं कडक शब्दांत बजावून ठेवलें. आणि एवढें करून ग्रंथ ज्ञानदेवांचाच राहूं दिला. प्रत करणाऱ्याचा धर्म या दोन उदाहरणांत पुरता आला आहे. जें आपण वांचवितों तें तसेंच ठेवावें, आणि ज्याचें तें त्याचें म्हणून ठेवावें.

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्यावर तीन जन्मजात ऋणें सांगितलीं आहेत, आणि त्यांतलें ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें म्हटलें आहे. ज्यांनीं विद्या निर्माण केली ते ऋषि मोल घेण्यास आज हजर नाहींत, म्हणून ऋण उरलें नाहीं असा निष्कर्ष कोणीं काढला नाहीं. मोल पोंचविण्याची वाट बंद झाली म्हणजे ऋण फिटत नाहीं. फक्त तें फेडण्याचें नाणें बदलतें. आमच्या मतें जुन्या खेळांची नीति याच सूत्रावर बसवावी. जोंवर कर्ता विकत आहे तोंवर विकत घ्यावें. त्यानें विकणें सोडलें असेल तर खेळावें, पण ऋणको म्हणून खेळावें : कर्त्याचें नांव ठाऊक असावें, प्रत विकूं नये, रूप बिघडवूं नये, आणि तो पुन्हा दुकान उघडील त्या दिवशीं आपण पहिल्या गिऱ्हाइकांत असावें.

हें ऋण परक्यांचेंच आहे असें कोणी समजूं नये. २००९ सालीं हैदराबादेच्या एका मंडळीनें ‘देसी अड्डा’ नांवाचा खेळ प्लेस्टेशनच्या दुसऱ्या अवतारासाठीं आणि ‘पीएसपी’ या हातांतल्या यंत्रासाठीं रचला. त्यांत विटीदांडू आहे, कबड्डी आहे, पतंगांची काटाकाटी आहे. मैदानांतले खेळ पडद्यावर आणण्याचा तो प्रयत्न, म्हणजे तेंहि एक सोंगच. पहिल्या यंत्राचें उत्पादन २०१३ च्या सुमारास संपलें, दुसऱ्याचें २०१४ सालीं. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयांत पोंचती करावी लागते. खेळांसाठीं असें भांडार नाहीं. जीं थोडीं यंत्रें अजून चालतात तीं एक एक करून बिघडतील, आणि मग आपल्या विटीदांडूचें तें पडद्यावरचें रूप पाहावयाचें झालें तर, स्वीडनच्या हेन्रिक रिडगॉर्ड यांनीं २०१२ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवलेल्या ‘पीपीएसएसपीपी’सारख्या एकाद्या सोंगाड्याचा आश्रय करावा लागेल. तो सोंगाड्या जुन्या, तडकलेल्या फोनवरहि काम करतो हें आपलें भाग्य म्हटलें पाहिजे.

लोणावळ्याहून निघण्याच्या दिवशीं आम्हीं मुलास जवळ बोलावलें. चोरीचा शब्द आम्हीं परत घेतला, आणि सरव्याची गोष्ट त्यास सांगितली. ती त्यास चटकन् समजली, कारण त्याची आजी अजून पवनेच्या कांठीं सरव्यास जाते. मग आम्हीं विचारलें, खेळ संपल्यावर कर्त्यांचीं नांवें पडद्यावर येतात, तीं तूं वाचतोस काय? तो ओशाळून हंसला. “नाहीं सर. तीं येतात तेव्हां बॅटरी दोन टक्क्यांवर असते.”

नांवें वाचल्यावांचून खेळ संपला असें धरूं नये, एवढेंच आम्हीं त्यास सांगितलें. पुण्यास परतल्यावर टेबलाच्या खणांत त्या फोनचा मूळ चार्जर सांपडला. फोन देतांना तो द्यावयाचा आमच्याकडून राहून गेला होता. तो आम्हीं दुसऱ्या दिवशीं लोणावळ्यास जाणाऱ्या एका गृहस्थांबरोबर पाठवून दिला.